काव घातलेलं लोशन

माझ्या मावशीला कोड आहे. आमच्या घरात हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही, म्हणून मी तो पहिल्याच ओळीत लिहून टाकते. आई 'तिचं ते' म्हणते. मावसबहीण 'आईचा प्रॉब्लेम' म्हणते. मावशीचे यजमान मुंबईत वॉचमन आहेत, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. ते काहीच म्हणत नाहीत, फक्त आपलं ताट आपणच वाढून घेतात. मावशी स्वतः 'माझं पांढरं' म्हणते, माझं शेत, माझी म्हैस म्हणावं तसं.

मावशी कुडपणला राहते, पोलादपूरवरून वर चढून गेलं की जे सपाट रान लागतं तिथे. आम्ही खाली महाडात. माझी आई तिची मोठी बहीण. एक शाळामास्तराला दिली, एक शेतकऱ्याला. आई सावलीत गोरी राहिली, मावशी उन्हात काळी झाली, आणि मग चाळिशीत तिच्या बोटांची टोकं पांढरी पडायला लागली. दोन-तीन वर्षांत पांढरं मनगटापर्यंत आलं. मग ओठांभोवती. डॉक्टर झाले, वैद्य झाले, कुणीतरी सांगितलेला पाला चोळून झाला. शेवटी तिने सगळं सोडून दिलं आणि कामाला लागली.

मी महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. एम.एस्सी. झालेली आहे. दिवसभर येतील ते नमुने तपासायचे आणि कशात आम्ल किती, अल्क किती ते लिहायचं, हे माझं काम. कोड स्पर्शाने लागत नाही हे मला अकरावीपासून माहीत आहे. तरी मावशी आमच्याकडे येऊन गेली की तिचा कप मी बाजूला ठेवायची आणि सगळ्यात शेवटी घासायची. आईने कधी तसं सांगितलं नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि हात तरी तसाच जायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण ते गाळून पुढचं सांगितलं तर मी फार चांगली बाई वाटेन.

ज्या कातडीत रंगच नाही तिला ऊन सोसत नाही. मावशी एकटीने शेत करते. चैत्रात राब भाजायचे, म्हणजे भाताचं रोप पेरायच्या जागेवर कवळं, शेण, पालापाचोळा अंथरून जाळायचं. वर ऊन आणि खाली जाळ. एका वर्षी ती असं काम करून महाडला आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांच्या पाठीवर फोड आले होते, भरल्यासारखे, चकाकणारे. काळ्या कातडीला काही नाही, पांढरी तेवढी भाजलेली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, उन्हात जायचं नाही, आणि त्यांनी उन्हापासून वाचवणारी एक ट्यूब लिहून दिली. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "उन्हात नको तर काय चांदण्यात राब भाजू?" आणि हसली. तिला हसायला फार कारण लागत नाही.

ती ट्यूब बोटभर होती. हात, तोंड, मान, पावलं, एवढ्यांना दिवसातून तीनदा लावायची म्हटलं तर आठवड्यात संपली. दुसरी संपली तेव्हा मी म्हटलं, हे काय मोठं आहे, मी घरी बनवते.

आमच्या घरात मला अक्कल आहे असं सगळे मानतात, आणि मला त्याची सवय लागली आहे. रविवारी मी गॅसवर पाणी ठेवलं, त्यात दुसरं भांडं, आणि त्यात मेण वितळवलं. मेण मावशीनेच आणलं होतं, डोंगरातल्या पोळ्याचं, त्याला अजून मधाचा वास होता. त्यात खोबरेल आणि कोकमतेलाचा गोळा. दुसऱ्या भांड्यात कोमट पाणी आणि त्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत; टाकणखार घातला की मेण त्या दोघांना धरून ठेवतं. पाणी धारेने ओतायचं आणि रवीने घुसळत राहायचं. बराच वेळ काही होत नाही, मग अचानक सगळं पांढरंफेक होतं. शेवटी झिंक ऑक्साईडची पूड, खलात थोड्या तेलाबरोबर घोटून घातलेली, कारण गुठळी राहिली तर तेवढ्या जागी ऊन अडतं आणि शेजारी शिरतं.

पहिला घाणा फुटला. दुसरा जमला. असलं घरचं लोशन नेमकं किती ऊन अडवतं हे स्वयंपाकघरात मोजता येत नाही. बाजारातलं तपासून विकतात, माझं मी बोटाने बघून दिलं. हे मी मावशीला सांगितलं नाही. "चांगलं कडक आहे," म्हटलं, "पण वरून टॉवेल गुंडाळ." टॉवेल ती गुंडाळतच होती. त्या वर्षी फोड कमी आले, श्रेय लोशनला मिळालं, आणि मावशी कुडपणभर सांगत सुटली की भाचीने कंपनीतलं मलम दिलंय. मी तिला एकदाही अडवलं नाही.

आता मावसबहिणीचं सांगते. मावशीला ही एकच मुलगी. बारावीनंतर ती आमच्याकडे महाडला राहायला आली, कॉलेज केलं, मग एका ब्यूटी पार्लरमध्ये लागली. दिसायला नीटस, बोलायला गोड, आणि आपल्याला काय हवं ते पक्कं ठाऊक असलेली. तीन वर्षांत तिने आईला कॉलेजच्या फाटकापर्यंत येऊ दिलं नाही. मावशी तिला एसटी स्टँडवर भेटायची, पिशवी द्यायची आणि पुढची गाडी पकडायची. मला हे दिसत होतं. मी म्हणायची, जाऊ दे, वय आहे.

महाडजवळच्या नाते गावाच्या पलीकडून एक स्थळ आलं. मुलगा मुंबईत एका मॉलमध्ये, घरी शेती, एक म्हातारी आजी आणि आई. मुलगा बघताक्षणी बहिणीला आवडला, आणि आवडण्यासारखा होताही. बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी ठेवला. आईने मावशीला फोन केला. मी शेजारी बसून मटार सोलत होते.

"पोरीचं भलं व्हायचं असेल तर तू येऊ नकोस," आई म्हणाली. "लग्न ठरू दे, मग काय ते."

मावशीने पलीकडून काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "शहाणी आहे. तिला कळतं."

साखरपुड्याला मात्र ती आली. पहाटेची एसटी धरून, डोक्यावर फणस घेऊन. तिला मागच्या खोलीत बसवलं आणि अक्षतांना कुंकू लावायचं काम दिलं. पुढे पाहुण्यांना सांगितलं की मुलीच्या आईला बरं नसतं, फार हिंडता-फिरता येत नाही. पाटावर माझी आई बसली. मुलीच्या आईची ओटी माझ्या आईने घेतली, मुलीच्या आईची साडीही माझ्या आईने घेतली, आणि ती त्या दिवशी अशी खुलली होती की माझंच लग्न ठरलंय असं वाटावं. माझं ठरत नव्हतं, हेही एक होतं.

मध्येच मुलाची आई हात धुवायला मागे गेली. मागची खोली वाटेतच आहे. मावशीने पदर तोंडावर ओढला आणि हात अक्षतांच्या परातीत खुपसले. विहीणबाई दारात क्षणभर थांबल्या, आत बघितलं, पुढे गेल्या. परत येऊन त्यांनी दुसरा लाडू घेतला आणि छान झालाय म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आई रात्रीच्या जेवणाला म्हणाली.

जेवणं झाल्यावर मावशी बोलली. ती भांडली नाही, रडली नाही. उष्टी उचलता उचलता म्हणाली.

"अक्का, लग्नात पन तूच उभी र्‍हा. कन्यादानाला तू आनि भावजी बसा. ओटीत काय येईल ते तू घे. मला कायच नको. पन हळद मी लावनार."

आई म्हणाली, "अगं, हात दिसतात ना."

"पोटची पोर हाय माझी. हळद मी लावनार."

आमच्याकडे नवऱ्या मुलाची उष्टी हळद मुलीकडे येते. पाच सवाष्णी आंब्याच्या पानाने लावतात, पाय, गुडघे, खांदे, डोकं. त्यानंतर आई लावते, आणि आई पानाने लावत नाही, हाताने लावते, दोन्ही तळहात गालांना. नवरा असलेली बाई, स्वतःची मुलगी, यात कुणाला हरकत घ्यायला जागा नव्हती. हरकत फक्त हातांना होती, आणि ते हात धुऊन बदलता येण्यासारखे नव्हते. बहीण भिंतीला टेकून मोबाईल बघत होती. तिने मान वर केली नाही.

पुढच्या खेपेला मावशी काव घेऊन आली. वृंदावनाला लावतात ती लाल माती, कागदाच्या पुडीत. माझ्यासमोर पुडी उघडून म्हणाली, "गो बाय, तुझ्या त्या मलमात ही घाल. पांढरं मलम कशाला? माझ्यासारखं काळं कर."

मी तिला समजवायला हवं होतं की त्या मलमाचं काम ऊन अडवायचं आहे, रंगवायचं नाही. पण मला त्या कल्पनेची भुरळ पडली. बाजारातही अशी रंगीत लोशनं येतात, त्यात लोखंडाचे रंग असतात, आणि काव म्हणजे दुसरं काय आहे. नुसती काव लालसर दिसायची, म्हणून मी चिमूटभर काजळी घातली. खिडकीपाशी मावशीचा हात उजेडात धरून चार पट्टे ओढले. एक फिका, एक तांबडा, एक मातकट, एक बरोबर.

बहीणही येऊन बसली. पार्लरमुळे तिची नजर तयार होती. "ताई, अजून थोडं डार्क कर," ती म्हणाली. "आईचा ओरिजिनल कलर डार्क आहे." मी केलं. तिने आईचं बोट धरून हात उलटसुलट केला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आता कसं नॉर्मल वाटतंय," म्हणाली.

मावशी आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तो नाकाशी नेऊन वास घेतला. "माझा लग्नातला हात हाय हा," म्हणाली. "चुडा भरला तेव्हा असाच होता." दिवसभर तिने त्या हाताने भांडी घासली नाहीत, चहाही डाव्या हाताने घेतला. संध्याकाळच्या गाडीला चढतानाही उजवा हात पदरात गुंडाळलेला होता, उन्हासाठी नव्हे, रंग पुसला जाऊ नये म्हणून.

अडचण एकच होती. लग्न वैशाखात, आणि पूड वाढल्यामुळे लोशन उकाड्यात सैल होऊन ओघळत होतं. मी मेण वाढवलं आणि टाकणखार दुप्पट केला. घट्ट, गुळगुळीत, बोटाला धरून राहणारं झालं. मी ते स्वतःच्या मनगटावर लावून दुपारी गच्चीत उभी राहिले. घाम आला तरी हललं नाही. मला माझा फार अभिमान वाटला.

हळदीच्या दिवशी कुडपणच्या घरापुढे मांडव होता, आंब्याच्या डहाळ्यांचा. वारा होता पण ऊन डोळ्यांत घुसत होतं. मी मावशीला माजघरात बसवलं आणि तिचे हात माझ्या मांडीवर घेतले. तिचे हात मी असे कधी धरले नव्हते. तळव्यांना घट्टे, पाठीची कातडी कागदासारखी पातळ. मी एकेक बोट घेऊन लोशन चोळलं, नखांच्या कडांना, पेरांच्या घडीत, मग तळव्यांना, मग ओठांभोवती. ती हात ढिले सोडून बसली होती, लहान मुलाची नखं कापताना मूल बसतं तशी. मध्येच म्हणाली, "तुझ्या लग्नात पन तूच लावशील मला." मी म्हटलं, हो.

टेम्पो आला. नाते गावाकडच्या, मुलाकडच्या दहाबारा बाया उतरल्या, कपाळाला पिवळा टिळा, हातात हळदीची वाटी. विहीणबाई स्वतः आल्या होत्या. आईने मावशीला पुढे आणून सांगितलं, "ही मुलीची आई. आता बरी आहे." विहीणबाईंनी मान हलवली. आमच्या बायांनी गाणं धरलं. पाच जणींनी पानाने हळद लावली, त्यात माझी आई पहिली. मग मावशी पुढे झाली.

तिने वाटीत दोन्ही हात बुडवले. बहीण पाटावर मान खाली घालून बसली होती. मावशीने तिची हनुवटी वर केली नाही, स्वतःच खाली वाकली आणि तळहात तिच्या गालांवर ठेवले. ठेवले ते काढेचना. डोळे मिटले होते, ओठ हलत होते; देवाचं काही म्हणत होती की पोरीशी बोलत होती, कुणास ठाऊक. उकाडा होता, हात घामेजलेले होते. एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. मग तिने हात काढले.

दोन्ही गालांवर पाच-पाच लाल बोटं उमटली होती. हळद सगळीकडे पिवळी आणि तिने हात ठेवला तेवढीच लाल, कुंकवासारखी. टेम्पोतून आलेली एक बाई म्हणाली, "रगत हाय काय ता?" गाणं एका बाजूने थांबलं, दुसऱ्या बाजूने चालूच राहिलं, मग तेही थांबलं.

मला एका क्षणात कळलं. हळदीला अल्क लागलं की ती लाल होते. पातळ भाजीचा डाग पडलेला सदरा साबणाने धुतला की डाग लाल होतो, ते हेच. हळदीत खार घालून कुंकू करतात, ते हेच. शाळेत हळदीचा कागद करून मी हा प्रयोग स्वतः करून दाखवला होता आणि बाईंनी माझं कौतुक केलं होतं. टाकणखार अल्क असतो. मी तो दुप्पट घातला होता. महिनाभर रंग, घाम, ऊन सगळ्याचा विचार केला आणि त्या हातांनी ती बाई नेमकं काय लावणार आहे, याचा विचार केला नाही. हळदीसाठीच बनवलेलं लोशन होतं ते.

मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की ही माझी चूक आहे, माझ्या खाराची, तिच्या हातांचा यात काही दोष नाही. पण मग हाताला काय लावलंय आणि का लावलंय हे सांगावं लागलं असतं. शिवाय सगळ्यांसमोर माझी अक्कल निघाली असती. दुसरं कारण पहिल्याच्या मागे लपवून मी गप्प बसले. आज मला वाटतं, दुसरंच खरं होतं.

विहीणबाई उठल्या. त्यांनी मावशीचा उजवा हात हातात घेतला, आपल्या पदराचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि हाताची पाठ पुसली. एकदाच, सावकाश. काव पदराला लागली आणि खालचं पांढरं उघडं पडलं. त्यांनी हात खाली ठेवला, टाकला नाही, ठेवला.

"आमाला ठावं हाय," त्या आईकडे बघून म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "सोयरीक करताना गावात इचारल्याबिगर कोन करतो? साखरपुड्याला मागच्या खोलीत मी हिला बघितली. तुमी झाकलंत, मी बघितलं नाय असं केलं. पोरगी चांगली हाय, आमच्या पोराच्या मनात भरली हाय. पन आता एवढ्या बायांच्या देखत हात लावून घेतलात. ह्या उद्या घरोघर सांगतील. मी कुनाकुनाचं तोंड धरू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि येईना. आम्हीच हे ठरवून दिलं होतं. आम्ही मागच्या खोलीचं दार लावलं आणि त्यांना वाटलं, असाच करार आहे. त्यांनी तो आमच्यापेक्षा चांगला पाळला होता.

आई म्हणाली, "चूक झाली. मी तिला सांगत होते." हात दिसतात, एवढं एकदा म्हणण्यापलीकडे तिने काही सांगितलं नव्हतं. मग पाटावरून बहीण बोलली, खाली बघूनच, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "मी पन आईला म्हटलं होतं, बसू नको म्हणून." रंग डार्क कर म्हणणारी ती. तिचा मला आजही संताप येतो. पण ती त्या पाटावर बसली होती आणि उभ्या मांडवात ज्याच्या गळ्यात माळ घालायची तो मुलगा तिला हवा होता, आणि मी बाजूला उभी होते, मला कुणी काही विचारलंही नव्हतं. तरी ती बोलून जेवढं खोटं वागली, तेवढंच मी गप्प बसून वागले.

मावशीचे यजमान मांडवाच्या खांबाशी उभे होते. ते शेजारच्याला तंबाखू मळून देत होते. मळत राहिले.

"तोंड धुवा तिचं," विहीणबाई म्हणाल्या. "आनि हळद परत लावा. पयल्यापासून."

लग्न मोडलं नाही, हे इथेच सांगते. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर लागलं, जेवणं चांगली झाली, बहीण आता मुंबईला सुखात आहे. हळद परत लागली. पाच जणींनी पानाने लावली आणि हाताने माझ्या आईने.

पण त्याआधी तोंड धुवायचं होतं. मावशी केव्हाच उठली होती. कुणी तिला जा म्हटलं नाही, तिला म्हणावं लागत नाही. ती चुलीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आतही नाही आणि बाहेरही नाही. हात पदराखाली घेतलेले. आईने मला घंगाळातलं पाणी आणायला सांगितलं. मी तांब्या भरून आणला. बहिणीच्या एका काकीने साबण लावला, आणि साबणाने ती बोटं आणखीच लाल झाली. काकीने जोरात चोळलं. ती आणखी गडद झाली. बायांमध्ये कुजबूज सुरू झाली, पुसलं तरी जात नाय बघ.

तेव्हा मी बोलले. इतका वेळ तोंड शिवलेलं, आणि तेव्हा माझं ज्ञान बाहेर पडलं. म्हटलं, "साबण नको. लिंबू आणा. लिंबाने जाईल."

लिंबू आणलं, चिरलं, मी ते स्वतः पिळलं. आंबटाने लाल परत पिवळं होतं आणि मग पाण्याने निघतं. तसंच झालं. एकेक बोट पिवळं होत गेलं आणि वाहून गेलं. मी एका हाताने पाणी ओतत होते आणि दुसऱ्याने गाल चोळत होते, आणि बायांना हायसं वाटल्याचं मला पाठीमागून कळत होतं. कुणीतरी म्हणालंही, शिकलेली हाय म्हणून बरं.

डावा गाल राहिला होता. मी लिंबाची दुसरी फोड उचलली तेव्हा चुलीच्या खोलीच्या दारातून मावशीचा आवाज आला. पोरीला नव्हे, मला म्हणाली.

"डोळ्यात जाईल गो तिच्या. तिला सांग, डोळे मीट."

मी सांगितलं. ती मिटूनच बसली होती.